नाल्याकडच्या गोलात

माझी आत्या बस स्थानकात चौकशीच्या खिडकीत बसायची आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायची. कुठली गाडी कुठे लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं पोर हरवलंय आणि ते लाल स्वेटर घालून रडतंय, हे सगळं ती एकाच सुरात सांगायची. त्या सुराला ना आनंद ठाऊक, ना दुःख. रद्द झालेल्या गाडीचे प्रवासी खिडकीशी येऊन तिला वाटेल ते बोलायचे. ती चष्म्यावरून त्यांच्याकडे बघायची आणि म्हणायची, "पुढची गाडी यायचीय अजून. बसा." माणूस निमूटपणे जाऊन बसायचा.

रविवारी हीच आत्या आमच्या घरामागच्या फुटबॉलच्या मैदानावर माइकवर असायची. क्लब तिला त्याबद्दल एक कप चहा पाजायचा, तोही साखर विसरलेला. लोकांना वाटायचं, बाईला फुटबॉलचं वेड आहे. वेड होतंच, पण फुटबॉलचं नव्हतं. ती त्या माइकवर गेली होती एका वाक्यासाठी. ते वाक्य बोलायची वेळ यावी म्हणून ती एका माणसाच्या मरणाची वाट बघत होती, आणि आम्हा घरातल्यांना ते ठाऊक होतं. माफ करणारी माणसं मोठी असतात म्हणे. आमच्या घरात सगळे बुटके. बाबा तेवढे उंच, असं मी समजत होते.

बाबा तरुणपणी त्याच क्लबचे गोलकीपर होते. लोक त्यांना 'भिंत' म्हणायचे. त्यांच्यासमोर बचावाला जो उभा राहायचा त्याला सगळे 'कप्तान' म्हणायचे, आणि पुढे तो क्लबचा अध्यक्ष झाला तरी कप्तानच म्हणत राहिले. उंच, देखणा, कॉर्नरला पुढे धावत जाऊन डोक्याने गोल मारणारा. फोटो काढणारा दिसला की याची मान आपोआप ताठ व्हायची.

कपाच्या अंतिम सामन्यात शेवटची काही मिनिटं उरली होती आणि बरोबरी होती. समोरच्यांनी उजवीकडून चेंडू उंच टाकला. बाबा पुढे झाले आणि ओरडले, "सोड!" गोलकीपर 'सोड' म्हणाला की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, हे तर गल्लीत खेळणाऱ्या पोरांनाही कळतं. कप्तान बाजूला झाला नाही. त्याने उडी मारली, चेंडू त्याच्या कपाळाला चाटून वळला, आणि बाबा जिथे नव्हते तिथून आत गेला. समोरून बघणाऱ्यांना एवढंच दिसलं की चेंडू आला आणि भिंतीच्या हातातून निसटला.

आत्या तेव्हा कॉलेजात होती आणि सामन्यांच्या दिवशी गुणफलकावर आकड्यांचे पत्रे लटकवायचं काम करायची. फलक त्याच गोलाच्या मागे, लाकडी माचावर. एवढ्या गर्दीत कपाळाला झालेला तो ओझरता स्पर्श वरून नीट दिसला असेल तर तो एकट्या तिला.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी बूट काढायच्या आत कप्तान म्हणाला, "भिंत फोडली कुणीतरी." आदल्या दिवशी बाबा समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाबरोबर चहा पिताना दिसले होते, अशी साक्षही लगेच निघाली. बाबा काचेच्या दुकानात कामाला होते. तो प्रशिक्षक खिडकीचं माप द्यायला आला होता, आणि गिऱ्हाइकाला चहा पाजतात. पण हरलेल्या माणसांना कारण हवं असतं, आणि कप्तानाने ते आयतं हातात दिलं. संध्याकाळपर्यंत भिंतीचं 'दार' झालं. भाजी घ्यायला गेलं तरी मागून कुणीतरी म्हणायचं, "दार उघडं आहे का?" आईने त्या दुकानात जाणंच सोडलं.

आत्या गप्प बसली नाही. ती भेटेल त्याला सांगत सुटली की चेंडू कप्तानाच्या कपाळाला लागला. लोक म्हणायचे, बहीणच ती, दुसरं काय बोलणार. शेवटी ती कप्तानाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला तर माहीत आहे ना?" तो हसला. म्हणाला, "ताई, तुम्ही पत्रे लटकवा." एवढं बोलून त्याने फाटक लावून घेतलं.

त्यानंतर बाबांनी मैदानात पाय ठेवला नाही. आमची मागची खिडकी मैदानाच्या नाल्याकडच्या बाजूला उघडते. त्या खिडकीला त्यांनी स्वतःच्या हाताने दोन थरांची काच बसवली, कडेने लांबी, म्हणजे काच पक्की करायचं लुकण, इतकी दाबून भरली की मुंगीही आत येऊ नये. सामना असला की खिडकी लावून घ्यायचे आणि बटाटे सोलत बसायचे. गरज असो नसो, रविवारी आमच्याकडे बटाटेच. विषय निघालाच तर म्हणायचे, "झालं गेलं." आणि सालं गोळा करून उठायचे.

आता त्या मैदानावरची रीत सांगते. जुना खेळाडू गेला की पुढच्या सामन्याआधी चेंडू मधोमध ठेवतात, दोन्ही संघ गोलाकार उभे राहतात, आणि माइकवरचा माणूस गेलेल्याचे सगळे गोल वाचतो. वाचतो म्हणायचं, पण हातात कागद घ्यायचा नाही, सगळं तोंडपाठ. कुणाविरुद्ध, पायाने की डोक्याने, गोदामाकडच्या गोलात की नाल्याकडच्या. एका गोलाला एक वाक्य, मग सगळ्या मैदानाची मिळून एक टाळी, मग पुढचा गोल. संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. आणि सगळ्यात जुना नियम असा, की क्रम बदलायचा नाही आणि एकही गाळायचा नाही. ज्याच्या अंगाला लागून चेंडू शेवटी आत गेला, गोल त्याचा.

या नियमावर आत्याचा जीव होता. आधीच्या पुकारणाऱ्याचा आवाज गेला तेव्हा ती आपणहून पुढे झाली. म्हाताऱ्या खेळाडूंच्या घरी जाऊन जाऊन तिने सगळ्यांचे गोल पाठ केले. स्थळं यायची त्यांना नकार कळवायची जबाबदारी आईवर टाकून ही कुणाच्या तरी ओसरीवर बसून विचारायची, "डावा पाय की उजवा?" किती जणांना तिने असा टाळ्यांनी निरोप दिला.

कप्तान मात्र काही मरेना. सकाळी फिरायला जायचा, गोड खायचा नाही, जिना चढताना धापही लागायची नाही. इकडे आत्याचे गुडघे गेले. माइकच्या खोलीला लोखंडी शिडी होती, ती चढताना ती प्रत्येक पायरीवर कप्तानाला एक शिवी द्यायची. तिला एकच भीती होती. "आधी मीच गेले तर?" म्हणून तिने ते वाक्य माझ्याकडून घोटून घेतलं होतं. वारसाहक्काने माझ्याकडे आलेली तेवढीच इस्टेट.

मग एके दिवशी कप्तान आपल्या पायांनी चालत तिच्याकडे आला. अध्यक्षपद सोडायचं त्याने ठरवलं होतं, आणि त्याचा समारंभ करायचा होता. बस स्थानकाच्या खिडकीशी वाकून तो म्हणाला, "ताई, मेल्यावर तुम्ही माझे गोल वाचणार. ते मला ऐकू येणार आहेत का? हयातीतच वाचा की."

आत्या म्हणाली, "रीत तशी नाही."

"रीत मी बदलतो. अजून अध्यक्ष आहे मी."

"मग सगळे वाचावे लागतील. क्रमाने. एकही गाळता येणार नाही."

"गाळायचाय कशाला?" कप्तान हसला. "उलट एखादा वाढवा."

त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडे आली आणि चप्पल न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसली. आम्हाला वाटलं, खुशीत असेल. पण ती संतापली होती. "तो विसरलाय," ती म्हणाली. "लपवत नाहीये, विसरलाय. आपण रोज ते घासाबरोबर चावतोय, आणि याला आठवतही नाही." मग बाबांकडे वळून म्हणाली, "दादा, रविवारी खिडकी उघडी ठेव."

बाबांनी मान वर केली नाही. "मला काही ऐकायचं नाहीये. तोही म्हातारा झाला, मीही झालो. सोड आता."

"तू त्यालाही 'सोड' म्हणाला होतास," आत्या म्हणाली. "त्याने ऐकलं होतं?"

यावर बाबा उठून बाहेरच्या खोलीत गेले.

रविवारी मैदान गच्च भरलं. मधोमध खुर्ची, खुर्चीवर क्लबचा झेंडा पसरलेला, त्यावर कप्तान. पायाशी चेंडू. दोन्ही संघ भोवती ताठ उभे. मी माइकच्या खोलीखालीच बसले होते. वर आत्याने आतून कडी लावल्याचा आवाज मी ऐकला.

तिने सुरुवात केली. तोच गाड्या पुकारायचा सूर. पहिला गोल, डोक्याने, गोदामाकडे. टाळी. दुसरा, पेनल्टीवर. टाळी. कप्तानाने डोळे मिटले होते. प्रत्येक गोलाला तो हनुवटी उचलून मान हलवायचा, हो, हा माझाच. गोल येत गेले, टाळ्या पडत गेल्या, मान हलत गेली. लोकांना लय सापडली होती. सगळे गुंगीत आल्यासारखे एकदम टाळी द्यायचे. उपांत्य सामन्यातला गोल झाला. मग आत्या म्हणाली:

"कपाचा अंतिम सामना. उजवीकडून आलेल्या चेंडूवर, गोलकीपर 'सोड' म्हणून ओरडल्यावर, कपाळाने, नाल्याकडच्या गोलात. आपल्याच."

टाळी पडली. सवयीने, सगळ्या मैदानाची मिळून, खणखणीत. आणि कप्तानाने डोळे मिटलेले असतानाच हनुवटी उचलली आणि मान हलवली.

मग लोकांचे हात तिथेच अडकले. ज्याने त्याने आपण कशाला टाळी दिली ते मनात पुन्हा ऐकलं. कप्तानाने डोळे उघडले. तो गर्दीकडे बघत नव्हता. त्याचं तोंड नाल्याकडच्या गोलाकडे वळलं होतं, आणि त्याला आठवलं होतं. मी ते चेहऱ्यावर वाचलं. खूप दिवसांनी भूक लागावी तसं मला वाटलं, अजून बघत राहावं असं.

क्लबचा सेक्रेटरी शिडी चढून दारावर धपके मारू लागला. आत्याने तो आवाज माइकमधून सगळ्यांना ऐकू दिला आणि पुढे गेली. लोकांना वाटलं असेल झालं, बाईने डाव साधला, आता थांबेल. पण नियम नियम असतो. कप्तान त्यानंतरही बरीच वर्षं खेळला होता. तिने पुढचा गोल वाचला आणि टाळीसाठी थांबली. टाळी आली नाही. ती पुरती थांबली, टाळीला लागतो तेवढा वेळ, आणि मग पुढचा वाचला. पुन्हा थांबली. एकेक चांगला गोल, डोक्याने मारलेला, लांबून मारलेला, शांततेत पडत होता. कप्तानाने उठायचा प्रयत्न केला, पण भोवती दोन्ही संघ रीतीप्रमाणे ताठ उभे, जायला वाटच नव्हती. तो खाली बसला. माझ्या शेजारचा एक म्हातारा पुटपुटला, "मला तेव्हाच वाटलं होतं." खोटारडा. त्यानेच आईला दुकानात दाराबद्दल विचारलं होतं.

शेवटचा गोल झाल्यावर आत्या म्हणाली, "गोल संपले." मग थोडं थांबून, "पत्रे लटकवणारीने वाचले." आणि माइक बंद केला.

कप्तान एकटा मैदानाबाहेर चालत गेला. कुणी शिवी दिली नाही, कुणी हातही धरला नाही. समोरच्या फाटकाने जायचं सोडून तो नाल्याकडच्या चिंचोळ्या वाटेने गेला, तीही चुकून असेल, कारण ती वाट आमच्या खिडकीखालूनच जाते.

मी आत्याला धरून घरी आणलं. खिडकी बंद होती. लांबीने घट्ट भरलेली, दोन थरांची. बाबा खाली बसून बटाटे सोलत होते. आत्या धपकन खुर्चीत बसली आणि खिडकीकडे बघत राहिली. एवढं सगळं झालं आणि ज्याच्यासाठी झालं त्यालाच ऐकू गेलं नव्हतं. तिचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

बाबा बटाट्याकडे बघत म्हणाले, "वाचलेस?"

"वाचले."

"सगळे?"

"एकही गाळला नाही."

साल लांबत गेली. "टाळी?"

"त्या गोलालाही पडली, सवयीने. नंतरच्या एकालाही नाही."

"आणि तो?"

"मान हलवली त्याने," आत्या म्हणाली. "गोल आपला म्हणून. डोळे मिटून."

बाबांनी सुरी खाली ठेवली. उठून हात धुतले, पुसले, आणि खुर्ची ओढून आत्याच्या समोर बसले. त्यांच्या तोंडावर असं हसू होतं की मी ओळखलंच नाही, कारण ते अजिबात चांगलं हसू नव्हतं. आमच्या घरातला एकुलता एक मोठा माणूस त्या क्षणी गेला, आणि मला फार बरं वाटलं.

"पहिल्यापासून सांग," बाबा म्हणाले. "टाळ्या मी देतो. आणि मान हलवली तिथे जरा थांब, घाई करू नकोस."