विलास गुरुजींचं स्थळ

आयुष्यात एकदाच मी खोटं नाव सांगून इंटरनेट बघायला गेलो, आणि आठवड्याभरात माझं लग्न ठरायची वेळ आली. अडचण एवढीच होती, की माझं लग्न सात वर्षांपूर्वीच झालेलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सरहद्दीपलीकडच्या तेलुगू मुलखातल्या नेरडीगोंड्याच्या मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीत, कारकून होतो. घरात तीन माणसं: मी, माझी बायको कुसुम आणि माझी माय. चौथं यावं अशी सगळ्या गावाची इच्छा होती आणि ते येत नव्हतं. आमच्याकडे मूल झालं नाही की दोष कोणाचा हे विचारायची पद्धत नाही. तो बायकोचा असतो, हे आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे कुसुम पाच वर्षं रोज सकाळी अनशापोटी एका वैदूनं दिलेल्या मुळ्यांचा काढा पीत होती. (तो उकळायला लागला की शेजारची म्हैस दावं तोडायची!) माय तर अलीकडे, "अमक्यानं दुसरी केली, वर्सात पाळना हालला," अशा बातम्या भिंतीकडे तोंड करून सांगू लागली होती. कुसुम ते ऐकत भाकरी थापत राही. पण खुंटीवर तिची माहेरची पिशवी कपड्यांनी भरून तयार टांगलेली होती, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

मग एके दिवशी मी पेपरात वाचलं, की दोष पुरुषातही असू शकतो. मला इतका राग आला की तो पेपर मी रद्दीत टाकला. दुपारी रद्दीतून काढून पुन्हा वाचला. शेवटी कचेरीचं काम असल्याची थाप मारून मी नांदेडला गेलो आणि एका दवाखान्यात तपासून घेतलं. नाव सांगितलं, विलास. रिपोर्टच्या दिवशी तिथल्या बाईनं तीनदा हाक मारली, "विलास! विलास! अहो विलास!" मी शेजारी बसलेल्याला म्हणालो, "काय बेपर्वा मानूस हाय, आवाज देऊन राह्यले तरी उठत नाही!" मग लक्षात आलं. तोवर डॉक्टर जेवायला निघून गेले होते. हातात एक पाकीट पडलं. त्यात इंग्रजीतले दोन लांबलचक शब्द होते आणि त्यांच्याखाली लाल शाईची रेघ होती.

लाल शाई कशासाठी वापरतात हे कारकुनाला कोणी शिकवायला नको. तरी माणसाला आशा असते. पण अर्थ विचारायचा कोणाला? गावातल्या डॉक्टरचा कंपाउंडर आमचा शेजारी, आणि शाळेतले इंग्रजीचे सर मायचे मानलेले भाऊ! अशात कचेरीत कोणीतरी सांगितलं, की भैंसा शहरात इंटरनेट आलंय. "त्याले काईबी पुसा, सांगते. अन् कोन पुसलं, कोनाले समजत नाही!" हे दुसरं वाक्य ऐकूनच मी रजेचा अर्ज लिहिला. भैंशात माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. कुसुमनं डबा भरून दिला. काय काम आहे हे तिनं विचारलं नाही, म्हणून मी खोटंही बोललो नाही, असं मी बसमध्ये स्वतःला समजावत होतो.

दुकान एसटीडी बूथच्या मागच्या अर्ध्या भागात होतं. चपला बाहेर काढायच्या. आत एकच संगणक, त्यावर क्रोशाचा रुमाल. मालक गुलाबराव हे पूर्वी तहसीलीसमोर बसून लोकांच्या दरख्वास्ती, म्हणजे अर्ज, लिहून देत. आता टेबल बदललं होतं, पद्धत तीच होती. त्यांनी आधी जाडजूड रजिस्टर उघडलं आणि हसून म्हणाले, "जय भीम!"

"जय भीम," मी म्हणालो.

इथंच मी संपलो. आमचा माणूस नाव खोटं सांगेल, गाव खोटं सांगेल. पण समोरून जय भीम आलं की त्याच्या तोंडून जय भीम आपोआप निघतं. आणि ते निघालं की तुम्ही अनोळखी राहत नाही. तुम्ही पाहुणे होता, आणि पाहुण्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात.

"नाव?"

"विलास."

"वल्द?" (म्हणजे बापाचं नाव. निजाम गेला, पण त्याचे रकाने राहिले.)

"माणिक."

"मौजा?"

"भीमपूर." थेट सरहद्दीवरचं गाव. तिथं कोण जातंय चौकशीला!

"भीमपूर!" गुलाबराव उभेच राहिले. "आमची मावसबहीन देली ना तिथं! मामा कोठचे तुमचे?"

मामांची तयारी मी केलीच नव्हती. "मामा... वारले."

"समदे?"

"समदे." (एका दमात मी चार मामे मारले. चौघेही तेव्हा ठणठणीत होते.)

"अरेरे! अन् काम काय करता?"

"गुरुजी हाय."

"लग्न?"

आता बायको आहे म्हणावं, तर तिचं माहेर, तिचे भाऊ, तिचे मामे. तेवढे लोक नव्यानं जन्माला घालायची माझी ताकद नव्हती. मी म्हणालो, "नाही झालं." गुलाबरावांनी पेन खाली ठेवलं आणि बाजारात बैल बघतात तसं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

मग निजामाबादला फोन जोडून इंटरनेट बोलवायचं काम सुरू झालं. मशीन बराच वेळ किंचाळलं, दोनदा मेलं, तिसऱ्यांदा उठलं. मी माउसकडे हात नेला तर गुलाबरावांनी तो बाजूला केला. "हात नका लावू. मजमून तुमी सांगा, लिहीन मी." म्हणजे जी गोष्ट मी बायकोला सांगितली नव्हती, ती या गृहस्थाला मोठ्यानं सांगायची! बूथच्या बाकावर फोनची वाट बघत तीन-चार माणसं बसलेली. मी मुकाट्यानं ते दोन शब्द लिहिलेली चिठ्ठी पुढे सरकवली. हा माझा मोठा बेत होता. गुलाबरावांना इंग्रजी समजत नव्हतं, पण अक्षरं येत होती, आणि लिहिताना वाचायची त्यांना सवय होती.

"ओ!" ते गरजले. "एल! आय! जी! हे काय, ओ का?"

"हळू..."

"हळू नाही चालत, मशीन हाय. ओ! पुढं?"

बाकावरचा एक तेलुगू माणूस मान वर करून ऐकू लागला. तो एका मेडिकल दुकानात कामाला होता. शब्द पुरा झाला तसा तो उठला, माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "अय्यो पापम!" (म्हणजे, अरेरे, बिचारा!) मग मला तेलुगू येत नसेल असं वाटून हिंदीत म्हणाला, "टेन्शन नक्को लेओ भाई. होता है." तेवढ्यात त्याचा फोन लागला आणि तो बूथमध्ये शिरला.

अर्थ मला तिथंच कळला. संगणकाच्या काचेवर अजून काहीही आलेलं नव्हतं.

आलं ते वेगळंच आलं. "आता हेच पुसून राह्यलं," गुलाबराव म्हणाले. "नाव. विलास टाकतो. वय? लग्न झालं का? नाही, टाकलं. आता ईमेल मांगते. नाही तुमचा? मग काढा लागते. त्याच्यासाठी पुन्हा नाव, पुन्हा गाव." कोणाला काही कळत नाही म्हणणारं ते इंटरनेट माझ्या मायपेक्षा जास्त चौकस निघालं! तेवढ्यात मेडिकलवाल्याचं बोलणं संपत आल्यासारखं वाटलं. तो बाहेर येणार आणि गुलाबरावांना अर्थ सांगणार, या भीतीनं मी उठलो, "बस सुटते!" म्हणालो आणि पळालो. (त्या बिचाऱ्यानं कोणाला काहीच सांगितलं नाही. अख्ख्या जिल्ह्यात गुपित राखणारा तेवढा एकच माणूस, आणि मी त्यालाच घाबरलो.)

पळताना डबा राहिला. आमच्याकडे भांडं विकत घेतलं की दुकानदार त्यावर नाव कोरून देतो, आणि त्या डब्याच्या झाकणावर माझ्या वडिलांनी ठसठशीत कोरून घेतलं होतं: लक्ष्मण हरी, मु. नेरडीगोंडा.

रविवारी सकाळी आमच्या दारात जीप थांबली. गुलाबरावांचा आवाज ऐकला आणि मी ज्वारीच्या कणगीमागे जाऊन बसलो. त्यांच्यासोबत त्यांची बहीण होती, मेव्हणे होते आणि हातात धुऊन पुसून चकचकीत केलेला आमचा डबा होता.

"लक्ष्मनरावचं घर हेच का? तुमच्याकडं विलास गुरुजी ऱ्हाते का?"

"कोन विलास?" माय म्हणाली.

"बारीक, सावळे. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधेल हाय."

"तो तं आमचा अशोक!"

"नाव काईबी असो," गुलाबराव उदारपणे म्हणाले. "मानूस नोकरीतला हाय, अन् लग्न राह्यलं म्हने. आमची भाची हाय लग्नाची. मनून डब्याच्या निमित्तानं आलो."

माझी अपेक्षा होती, की माय त्यांना हाकलून देईल. मायनं एकदा जीपकडे बघितलं. मग पदर सावरून म्हणाली, "पोरगी किती शिकली?"

कुसुम चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ट्रे नीट खाली ठेवला, एक थेंब सांडू दिला नाही. मग खुंटीवरची पिशवी काढली. कणगीमागून मला फक्त तिचे पाय दिसत होते आणि ते दाराकडे चालले होते. मी बाहेर आलो. डोक्याला ज्वारीचा भुसा, अंगात बनियन. "हेच, हेच गुरुजी!" गुलाबराव आनंदानं ओरडले.

"कुसुम, थांब!"

"काऊन थांबू?" ती वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "पाच वर्सं ते कडू पानी पिऊन राह्यली मी. मायबाई भिंतीले सांगते ते ऐकून राह्यली. वाटे, घरचा मानूस तं आपला हाय. तुमी भैंशाले जाऊन लग्न नाही झालं मनून लिहून आले! मले सांगतलं असतं तं मीच गेली असती ना, पिशवी भरेलच हाय."

त्या पिशवीकडे बघताना मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. एखादी थाप सुचते का म्हणून मी डोकं चालवून बघितलं, सवयच होती. सुचली नाही. मग चार पाहुण्यांदेखत (जीपचा ड्रायव्हर दारातून ऐकत होता, तो धरून) मी सांगून टाकलं.

"कुसुम, दोष तुझ्यात नाही. माझ्यात हाय. मी तपासून आलो नांदेडले. त्याचाच अर्थ पुसाले गेलो होतो भैंशाले. तुले सांगाची हिंमत नाही झाली."

मी पेटीतून पाकीट आणून तिच्या हातात दिलं. मायनं ते मधेच ओढून घेतलं आणि गुलाबरावांपुढे धरलं. "वाचा, काय हाय ते."

गुलाबरावांनी चष्मा लावला. "ओ, एल, आय... हे तं लिहिलं होतं म्या! वर नाव हाय, विलास."

"मंग!" माय विजयानं म्हणाली. "दोष त्या विलासमधी हाय! माह्या पोरात कुठं हाय?"

"माय, विलास मीच हाय."

"तू अशोक हायेस! मी पैदा केलं तुले, मले माहीत नाही का?"

अर्धा तास मी स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच आईपुढे, मीच तो दोषी माणूस असल्याचा पुरावा देत होतो. माझ्याजवळ तो नव्हता! कागदावर सगळं विलासच्या नावानं होतं. अशोकविरुद्ध कुठं एक ओळ नव्हती. इतकं परिपूर्ण खोटं मी आयुष्यात दुसरं कधी केलं नाही.

विश्वास ठेवला तो कुसुमनं. तिनं पिशवी खाली ठेवली, भुईवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून पाहुण्यांना म्हणाली, "चहा थंडा झाला. बसा, दुसरा ठेवते." गुलाबराव फार हिरमुसले होते. "म्हंजे विलास गुरुजी नाहीतच? रजिस्टर खराब झालं ना माहं!" पण चहा पिऊन जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की कचेरीत दुसरा एखादा बिनलग्नाचा आहे का.

दुसऱ्या दिवशी सकाळी काढ्याचा पेला माझ्यासमोर आला. "हे तं तुह्यासाठी होतं," मी म्हणालो. "दोष नव्हता तरी मी पेली," कुसुम म्हणाली, "तुमच्यात तं हाय." मी नाक दाबून पेला रिकामा केला. दुपारचा काढा ती कचेरीसाठी त्याच डब्यात भरून द्यायची. पण त्याआधी तिनं बाजारात नेऊन वडिलांच्या नावाखाली आणखी एक ओळ कोरून आणली होती: अशोक लक्ष्मण, औषधाचा डबा. झाकण उघडलं की कचेरीभर वास सुटे, माना वर होत आणि सगळ्यांना माझं नाव वाचता येई.

मूल आम्हाला झालं नाही. हे मी इथं माझ्या खऱ्या नावानं सांगतो आहे. ती भरलेली पिशवी मात्र कुसुमनं त्याच आठवड्यात रिकामी केली आणि पुढं तिच्यात भाजी यायला लागली.

मायनं शेवटपर्यंत ऐकलं नाही. कोणी विषय काढला की ती ठामपणे सांगायची, "माह्या पोराले काई नव्हतं, बाई. त्या भीमपूरच्या विलासच्या संगतीनं बिघडला." आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं.