बागेतले दोन कांदे

राज्यांची फेरमांडणी झाली आणि नागपूरच्या कचेरीतल्या आमच्या वडिलांची बदली भोपाळला झाली. त्यांच्यामागून आई, मी, धाकटी बहीण आणि वडिलांची बालविधवा बहीण, म्हणजे आमची आत्या. नव्या क्वार्टरच्या अंगणात आईनं दोन कांदे लावले होते, खायला नव्हे, फुलांसाठी. एक साहेबांच्या बंगल्यातून आणलेला, जांभळ्या गोंड्यांचा. त्याची पात नुसती चुरगळली तरी कांद्याचा वास यायचा. दुसरा मागच्या टेकडीवरून उपटून आणलेला रानकांदा. त्याला उंच तुरा यायचा, पण वास कसलाच नाही. फुलं नसली की कुठला कोणता ते नाकालाच कळायचं.

आत्याला कसं कळणार? नवरा गेला त्या दिवसापासून तिला कांदा बंद. आमच्याकडे कांद्याची शेगडीसुद्धा वेगळी, मागच्या ओट्यावर. आई कांदा चिरायला बसली की आत्या गुपचूप पुढच्या खोलीत जायची. वडील बाहेर सुधारणेच्या मोठ्या गप्पा मारत, घरात मात्र त्यांना यात काही वावगं दिसत नसे.

कांदेनवमी आली. पुढे चातुर्मासभर घरात कांदा यायचा नाही, म्हणून आज भजी हवीतच, असं बहिणीनं डोकं खाल्लं. आई तापानं फणफणलेली, टोपलीतले कांदे संपलेले. ती अंथरुणातूनच म्हणाली, "वन्सं, बागेतला एखादा काढा. तोही कांदाच."

पोरीसाठी आत्यानं इतक्या वर्षांनी कांद्याला हात लावला. दोन्हींतला मोठा दिसला तो उपटला. सोलताना हातांची आग झाली. कांदा झोंबतो एवढं तिला ठाऊक होतं, त्यामुळे तिनं हात धुतले आणि भजी तळली.

मी शाळेतून आले तेव्हा बहीण ओकत होती. डॉक्टरांनी उरलेलं भजं जिभेला लावून थुंकून टाकलं. "रानकांदा आहे, काळजावर जातो," म्हणाले. कडूजहर होतं, तरी आपण हट्टानं मागितलेलं म्हणून तिनं गिळलं असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातच तिनं प्राण सोडला. पाच वर्षांची होती हो.

सगळं आटोपून घरी आल्यावर आई भिंतीकडे बघत म्हणाली, "वन्सं, एकदा चव तरी घ्यायची होती."

"मी कशी घेणार होते, वहिनी?"

वडील तिथंच होते. खाली मान घालून बसले. मला आई-वडील दोघांचा असा काही संताप आला, की आज दोघंही नाहीत, तरी तो गेलेला नाही.