दहा मिनिटांची उकळी

आर्डिस क्वामने हातमोज्यांच्या कारखान्यात नोकरी धरली तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. सकाळी सातला कामाला लागायचं, चारला घरी येऊन चुलीला भिडायचं, आणि तरी साडेपाचला नवरा टेबलाशी येऊन बसला की ताट रिकामंच. ऑर्लिन क्वाम तालुक्याच्या रस्त्यांवरचं बर्फ हटवणारी गाडी चालवायचा. अबोल माणूस. "घाई नाही," एवढंच म्हणायचा. ते 'घाई नाही' आर्डिसला रागावण्यापेक्षा जास्त लागायचं.

म्हणून एका शनिवारी ती गावातल्या लिंडगार्डच्या दुकानात गेली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या त्या एवढ्याशा गावात खिळ्यांपासून इस्त्रीपर्यंत सगळं तिथेच मिळे. तेव्हा बायकांच्या तोंडी एकच विषय होता, विजेवरचा स्लो कुकर. सकाळी मांस-भाज्या भरून बटण फिरवायचं, संध्याकाळी आयतं जेवण. लिंडगार्डने दोन कुकर काढून ठेवले. एकाचं आतलं मातीचं भांडं उचलून निघे. दुसऱ्याचं आत घट्ट बसवलेलं, पण दुप्पट मोठं, आणि हिरवागार रंग.

"हा धुताना रडवेल तुला," लिंडगार्ड म्हणाला. "वायरसकट पाण्यात बुडवता यायचा नाही. आणि तुमच्या घराला एवढा रांजण कशाला?"

"चर्चच्या जेवणाला न्यायला होईल," आर्डिस म्हणाली आणि मोठाच घेऊन आली.

हळूहळू तिला त्याची खोड कळत गेली. बटाटे-गाजरं तळाशी घालायची, मांस वर, कारण त्या मंद आचेत भाजीच उशिरा शिजते. भांडं गळ्यापर्यंत भरायचं नाही. झाकण सारखं उचलायचं नाही, एकदा उचललं की गेलेली ऊब परत यायला वीस मिनिटं लागतात. हे सगळं ती चुका करत शिकली. सोबत आलेली पुस्तिका तिने न वाचता खणात टाकली होती.

त्या साली ऑक्टोबरात चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सुगीचं जेवण होतं. आर्डिसने चिली करायचं ठरवलं, म्हणजे गायीचा खिमा, टोमॅटो आणि राजमा. राजमा रात्री भिजवला, सकाळी इतर सगळ्यासोबत कच्चाच कुकरात ओतला. माणसं खूप यायची म्हणून काठोकाठ भरला. बटण 'मंद'वर ठेवून ती अर्ध्या दिवसाच्या पाळीला गेली. दोनला आली तेव्हा रस्सा नुसता कोमट-गरम होता. साडेचारला तिने एक दाणा बोटांत दाबला. बाहेरून मऊ, आत खडूसारखा. 'मसाल्यात कोणाला कळतंय,' असं म्हणून तिने झाकणाला टॉवेल बांधला आणि भांडं गाडीत ठेवलं.

तिने स्वतः दोनच चमचे खाल्ले. ऑर्लिनने दोन वाडगे संपवले.

आठ वाजेपर्यंत निम्मं तळघर बाथरूमच्या दारात रांगेत उभं होतं. सतरा जणांना उलट्या झाल्या. म्हाताऱ्या गुंडर रूला तर तालुक्याच्या इस्पितळात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे उठून बसले, पण तोवर गावाने निकाल लावूनही टाकला होता.

महिला मंडळाची प्रमुख मार्लिस हौगेन हिचा सकाळीच फोन आला. "अंडी गं, अंडी! हिल्माचं ते बटाट्याचं सॅलड. अंड्याचं मेयोनीज, आणि तीन तास त्या शेगडीशेजारी ठेवलेलं. दुसरं काय असणार?"

"हो, असेल," आर्डिस म्हणाली.

हिल्मा म्हणजे ऑर्लिनची सख्खी आत्या. नवरा जाऊन कित्येक वर्षं झालेली, गावाच्या कडेला एकटी राहायची, बावीस कोंबड्या पाळायची. चाळीस वर्षं गावातलं एक लग्न की एक मर्तिक तिच्या सॅलडशिवाय झालं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "अंडी त्याच सकाळची होती." त्यानंतर ते म्हणणंही तिने सोडलं. पुढच्या जेवणाच्या वेळी मार्लिस गोड आवाजात म्हणाली, "हिल्मा, तुमचं वय झालं आता. तुम्ही फक्त कॉफीचं बघा ना." आत्या "बरं" म्हणाली.

नोव्हेंबरात आर्डिसने रोस्टला किती तास लागतात ते पाहायला पुस्तिका काढली. शेवटून दुसऱ्या पानावर चौकटीत छापलं होतं की, राजमा आधी चुलीवर दहा मिनिटं खळखळून उकळावा, ते पाणी टाकून द्यावं, मगच कुकरात घालावा. नुसत्या मंद आचेवर शिजलेला राजमा पोटाला विषासारखा बाधतो.

ती उभ्याची खाली बसली. मग उठून तिने ते पान फाडलं, चुरगाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात कॉफीच्या चोथ्याखाली दाबलं. घरात कोणी नव्हतं, तरी तिने मागे वळून पाहिलं.

सांगायचं तर होतंच. थँक्सगिव्हिंगचा सण होऊ दे, मग. नाताळ होऊ दे, मग. बर्फ वितळू दे. नंतर नंतर 'इतके दिवस का नाही बोललीस' हा प्रश्न मूळ चुकीपेक्षा मोठा होऊन बसला. बोलण्याऐवजी ती दर गुरुवारी कुकरातलं जेवण डब्यात भरून आत्याकडे नेऊ लागली. आत्याची नजर अधू होत चालली होती.

"ऑर्लिनने नशीब काढलं बाई," आत्या सगळ्यांना सांगायची. "सख्खी लेक करणार नाही इतकं ही करते."

कारखान्यात हातमोजा शिवताना आर्डिसला ते शब्द मध्येच आठवायचे आणि शिलाई वाकडी जायची. चर्चमध्ये पापाची कबुली सगळे एकत्र मोठ्याने म्हणत, तेव्हा ती नुसते ओठ हलवायची. आणि तळघरात आत्या चाचपत कॉफी ओतताना दिसली की ती भांडी धुवायला आत पळायची.

अशी दहा वर्षं गेली.

मग मंडळाने चर्चच्या बायकांच्या पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलं. आत्याची कृती आणायचं काम साहजिकच आर्डिसकडे आलं. गुरुवारी दुपारी तिने विषय काढला.

"नको," आत्या म्हणाली. "माझं नाव वाचून लोक पान उलटतील. उगाच कशाला कागद वाया घालवायचा?"

आर्डिस हातातला डबा टेबलावर ठेवायचं विसरून गेली. "आत्या, ते सॅलड नव्हतं," ती म्हणाली. "माझा राजमा होता. कच्चा राहिला होता. मला महिन्याने कळलं, आणि मी गप्प बसले."

आत्याने विचारलं, "दहा वर्षं?"

"हो."

"माझ्या कोंबड्या आठवतात?"

"तुम्ही विकल्यात ना त्या?"

"विकल्या नाहीत. मला वाटलं, रोग आहे त्यांना. रोगट कोंबड्या दुसऱ्याच्या गळ्यात मारायच्या का? शेजारच्या माणसाला बोलावून सगळ्या कापून पुरल्या. बावीस." आत्याने एप्रनची कड घट्ट धरली होती. "आणि तू मला जेवण आणत होतीस."

आर्डिस रडू लागली. आत्याने तिला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही.

"माझ्या स्वयंपाकघरात रडून काय व्हायचं? जिथे झालं तिथे सांग. आणि हा डबा घेऊन जा."

संध्याकाळी आर्डिसने ऑर्लिनला सगळं सांगितलं. त्याने काटा खाली ठेवला.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "त्या दिवशी मी सॅलड घेतलंच नव्हतं. फक्त तुझी चिली. आणि उलट्या तर मलाही झाल्या."

"मग बोलला का नाहीस? तुझी आत्या ती!"

"तू बोलशील म्हणून थांबलो. नंतर थांबायची सवय झाली."

त्या रात्री दोघांनाही एकमेकांना दोष देता आला नाही.

मंगळवारी मंडळाच्या बैठकीत आर्डिस उभी राहिली. तिने राजमा, पुस्तिका, फाडलेलं पान, सगळं सांगितलं. क्षणभर कोणालाच काही उमगेना.

"कुठलं जेवण गं?" एकीने विचारलं.

"ते... सगळे आजारी पडले होते ते? बाई, किती जुनी गोष्ट!" मार्लिस हसली. "एवढंच होय? चेहरा बघून मला वाटलं, ऑर्लिनला सोडून चाललीस."

सगळ्या खो खो हसल्या. आर्डिसला वाटलं होतं, बायका तोंड फिरवतील, नाव टाकतील. त्याची तयारी करून ती आली होती. त्या विसरून गेल्या असतील हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"हसू नका," ती म्हणाली. "तुम्ही विसरलात, पण हिल्मा आत्यांना कॉफीच्या टेबलावरून उठायला कधी कोणी सांगितलं? त्यांनी घरच्या कोंबड्या मारून पुरल्या. तुम्ही त्यांना तिथे बसवलंत आणि मी बसू दिलं."

हसणं थांबलं. मार्लिसची मान लाल झाली. "बसवलं मीच," ती पुटपुटली.

त्या आठवड्यात मार्लिस आणि आणखी दोघी आत्याकडे जाऊन आल्या. आत्याने त्यांना कॉफी दिली, केक दिला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि माफीचा विषय निघाला की केकचा आणखी एक तुकडा वाढला. पाककृती तिने दिली नाही. पुस्तक तिच्याविना निघालं. आर्डिससाठी मात्र दार उघडलंच नाही. पडद्यामागे सावली हलायची, आर्डिस पायरीवर उभी राहून परत फिरायची.

मार्चमध्ये एके सकाळी फोन वाजला.

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे शुक्रवारी," आत्या म्हणाली. "ऑर्लिनला म्हणावं, न्यायला ये."

"तो रस्त्यावर असेल, आत्या. बर्फ पडणार म्हणून सांगितलंय."

"मग तू ये."

चाळीस मैल जाताना आत्या खिडकीबाहेर पाहत राहिली. परतताना एका डोळ्यावर पट्टी होती. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"कधी करीन की नाही, तेही माहीत नाही."

"बरं, आत्या."

अंगणात बर्फ गोठून काच झालं होतं. आर्डिस गाडीला वळसा घालून आली, दार उघडून हात पुढे केला. आत्याने तो घेतला नाही, तिचं कोपर धरलं. चांगलं करकचून धरलं. दोघी एकेक पाऊल टाकत पायऱ्यांपर्यंत गेल्या. पायऱ्या चार होत्या. तिसरीवर आत्या दम घ्यायला थांबली, आणि आर्डिसही तिच्याशेजारी थांबून राहिली.