टँकर आणि पाचवा उद्गार

गुड फ्रायडेच्या उपासनेत, भर व्यासपीठावरून, मी माझ्या बायकोला टोमणा मारला. मी बोलत होतो तहानेवर, आणि ती उठली होती पाण्याला.

आमच्याकडे त्या दिवशी पाण्याचा थेंबही न घेता उपास, आणि बारा ते तीन प्रभू येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर बोलायचं असतं. पेणच्या आमच्या छोट्या मंडळीत पाळकसाहेब हे उद्गार वाटून द्यायचे. त्या वर्षी मला पाचवा मिळाला, 'मला तहान लागली आहे' हा. मी डोलवीच्या कंपनीत शिफ्टचा माणूस, रविवारीसुद्धा उपासनेला कधीमधीच दिसणारा. बोलायला मिळणार म्हणून असा काही फुगलो की रोज आरशासमोर सराव. आरसा बिचारा ऐकून घ्यायचा, त्याला उठून जाता येत नव्हतं.

आता पाण्याचं सांगतो. सांगताना आजही डोकं तापतं. आम्ही राहायचो खाडीकडच्या टोकाला, चर्चपासून हाकेच्या अंतरावर. चहूकडे पाणी, सगळं खारं. प्यायचं पाणी टँकरने, तेही टँकरवाल्याला वाटेल तेव्हा. माणसांनी काय कामधंदा सोडून रस्त्याकडे डोळे लावून बसायचं? टँकर आला की घरातल्या एकाने वर चढून टँकरच्या टाकीत पाईप सोडायचा, दुसऱ्याने खाली तो तोंडाने ओढून पिंपात धार लावायची. आमच्या घरचा चढणारा मी. आई अंथरुणाला खिळलेली. तिला पाजायला, पुसायला, तिची धुणी काढायला पाणी लागायचंच. आणि त्या सकाळी पिंप कोरडं होतं.

"आज आला तर?" बायकोने विचारलं.

"आजच्या दिवशी तरी देव बघेल," मी म्हणालो. स्वतःचं काम देवावर ढकलायला मला कधीच वेळ लागला नाही.

माझं बोलणं रंगात आलं असताना शेजारीण चर्चच्या दारात येऊन हात हलवू लागली. बायका बसतात त्या बाजूने माझी बायको पांढरी साडी सावरत उठली आणि चालू लागली. माझ्या ऐन रंगलेल्या भाषणातून! मी म्हणालो, "प्रभूने केवढी तहान सोसली, आणि काहींना इथे घटकाभर बसवत नाही." सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. टँकर आलाय हे खिडकीतून साऱ्यांना दिसत होतं. तरी एक बाप्या जागचा हलला नाही. मी तर नाहीच नाही.

तीनला घरी गेलो तेव्हा टँकर निघून गेला होता. पिंप भरलेलं. बायकोच्या पांढऱ्या साडीवर गंजाचे पट्टे. मिठागरावर काम करणारी शेजारीण कमरेवर हात देऊन उभी होती.

"वैनी येकलीच चढली टाकीवर, खाली उतरून पाईपबी तिनंच वढला. तुमी कुठं व्हता, भाऊ?"

"उपासनेत. बोलत होतो."

"कशावर?"

"तहानेवर."

तिने पदर तोंडात कोंबला, पण हसू बाहेर आलंच.

तेवढ्यात मंडळीतल्या एक बाई आईला भेटायला आल्या. साडी बघितली, सगळं ऐकलं, आणि म्हणतात काय, "पाईप तोंडाने ओढलास? म्हणजे पाणी पोटात गेलं असणार. उपास मोडला की गो तुझा!"

"गेलं," बायको म्हणाली. "तहान लागली होती."

माझा पारा चढला. "मोडला तर मोडला! तिच्या जागी कोण चढणार होतं, तुम्ही? म्हातारीला कोरडी ठेवून गीतं म्हणायची का? भक्ती करतो म्हणून घरच्या माणसाला पाणी द्यायचं नाही, हे कुठल्या प्रभूने शिकवलं?" शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो. व्यासपीठावरसुद्धा माझा आवाज एवढा लागला नव्हता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "ते खरंय. पण टोमणा तर तूच मारलास ना?"

बायको आईचं डोकं उचलून तिला घोट घोट पाणी पाजत होती. आईने प्याला बाजूला केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी त्या उद्गारावर हिला बोलू दे. तू टाकीवर चढ, पाईपही तूच ओढ. तेवढा वेळ तुझं तोंड तरी पाईपाला लागलेलं असंल."