स्वयंपाकघरातला कूड

आमच्या कल्याणच्या घरात स्वयंपाकघराच्या मधोमध कामट्यांचा एक कूड आहे, शेणामातीने लिंपलेला. घातला तेव्हा तो वर्षापुरता घातला होता.

हे आणि माझे मोठे दीर मिळून पोह्यांची भट्टी चालवतात. सरकारने प्राप्तीवर कर बसवला आणि दुसऱ्या भट्टीसाठी बाजूला टाकलेलं त्यात जाऊ लागलं. तेव्हा कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्या एकाने तोड सुचवली. एकत्र कुटुंबाची मिळकत वर्षाला पाचशे रुपयांच्या वर जाते म्हणून कर. वाटणी केली तर दोघेही भाऊ पाचशेच्या आत येतील आणि कर लागणार नाही. मात्र वाटणी दिसली पाहिजे. चूल वेगळी हवी.

मी चौथी शिकलेले, म्हणून भांड्यांची यादी मीच लिहिली. मोठं पातेलं आमच्याकडे, देव त्यांच्याकडे. वाचलेला पैसा पोस्टात माझ्या नावावर ठेवायचा ठरलं. मला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला लिहू?

पहिले काही महिने मजेचे गेले. जाऊबाई कुडाखालून वाटी सरकवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या हो परक्या बाई, आमची आमटी चाखा!"

मग सासऱ्यांचं श्राद्ध आलं. दर वर्षी आम्ही दोघी एका चुलीवर सगळं रांधत असू. त्या दिवशीही मी सवयीने पलीकडे जाऊन वडे थापायला बसले. वेगळ्या घराला आपलं श्राद्ध आपण घालावं लागतं, हे चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. पुरुष तर्पणासाठी खाडीवर गेले आणि त्याच वेळी करखात्याचा कारकून दारात आला. मी धावत माझ्या बाजूला आले. आळीतल्या बायका दारापुढच्या ओट्यावर जमल्या.

"ही दुसरी चूल ना? मग थंड कशी?" त्याने विचारलं.

परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. दाराआड उभी राहिले, पिठाचे हात पदरात लपवून.

कुडापलीकडून जाऊबाई कडाडल्या. "तिला काय विचारता, रावसाहेब? भांडून वेगळी निघालीय ती! आज सासऱ्याचं श्राद्ध, पण बाईसाहेबांनी चूलसुद्धा पेटवली नाही. ह्याहून वेगळं आणखी काय दाखवू तुम्हाला?"

कारकून हसला. वेगळे आहेत, असं लिहून घेऊन गेला.

घरी सगळे खूश. हे म्हणाले, "वहिनीने वाचवलं बघ!" जाऊबाई हळूच म्हणाल्या, "अगं, दुसरं काही सुचलंच नाही. रागावलीस?" मी नाही म्हटलं.

पण ओट्यावरच्या बायकांनी ऐकलं ते ऐकलं. घर फोडणारी, सासऱ्याला उपाशी ठेवणारी ती मी. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं पलीकडे आलं, अलीकडे आलं नाही. पाणवठ्यावर मी गेले की बोलणं थांबतं. खरं सांगावं तर कर लागेल, वर दंडही होईल.

"आता कूड काढू या," मी एकदा ह्यांना म्हटलं.

"वेडी आहेस का? कर काय एका वर्षाचा असतो? आणि पोस्टाचं पुस्तक तुझ्याच नावावर आहे ना?"

आहे. पोस्टाच्या कागदावर मी वळणदार सही करते.

यंदाच्या श्राद्धाला मी पहाटेच चूल पेटवली, मुद्दाम ओलं लाकूड घातलं. धूर आळीभर झाला.

"आली हो अक्कल एकदाची," ओट्यावरून कोणीतरी म्हणालं.

पलीकडे जाऊबाईंची उलथणी थांबली. त्या काही बोलतील म्हणून मी कुडाला कान लावला. ओट्यावर बायका ऐकत होत्या. थोड्या वेळाने उलथणी पुन्हा वाजू लागली आणि मी माझे वडे थापायला घेतले.