शिसपेन्सिलीचं प्रश्नचिन्ह

व्हाइटफील्डच्या मेट्रोत सकाळी एक मावशी माझ्यासमोर बसायच्या. मांडीवर त्यांच्या वडिलांचं जुनं मराठी बायबल. कोवळं ऊन ओळींवरून सरकायचं आणि मावशींचं बोट त्याच्या मागून. समासात वडिलांची शाईतली टिपणं होती. एखाद्या टिपणाशी थांबून त्या पानं मागेपुढे चाळायच्या आणि शिसपेन्सिलीनं पुसटसं प्रश्नचिन्ह काढायच्या.

मला चोंबडेपणाची सवय. "इतकं पुसट का?"

"मी काय शिकलेली नव्हे, अण्णा. चुकले असेन तर खोडता यावं."

मग त्यांनी एक पान दाखवलं. मग्दालीया मरीयेच्या नावापुढे वडिलांनी लिहिलं होतं, 'वाईट चालीची'.

"चारी शुभवर्तमानं तीनदा वाचली. असं कुठंच लिहिलेलं नाही." खिडकीबाहेर उंच इमारती धुक्यात तरंगत होत्या. "माझ्या थोरल्या बहिणीलाही बाबा हेच म्हणायचे. मीही तोंड फिरवलं. तिला कधी विचारलंच नाही."

एका सकाळी त्या डबा घेऊन मधल्याच स्टेशनवर उतरल्या. "आज बहिणीकडं."

पुढच्या आठवड्यात तेच पान उघडं दिसलं. प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं. तिथे शाईनं लिहिलं होतं, 'नाही.'