मालक समोर हवा

चावीवाल्याने एक्केचाळीस वर्षं गावाची कुलपं उघडली, आणि आता त्याला रोज सकाळी नऊ वाजता घरात कोंडण्यात येत असे. कोंडण्यात येई ते अर्थातच त्याच्या भल्यासाठी. माणसाच्या भल्यासाठी काय काय करता येतं, याचा मुलगा आणि सून यांनी चांगला अभ्यास केलेला होता.

निमित्त साधंच होतं. दोन वर्षांपूर्वी फिरायला गेलेले आजोबा तीन तास परतले नाहीत. शोधाशोध झाली, तेव्हा ते बसडेपोत एका कंडक्टरचं अडकलेलं लॉकर उघडून देत होते, आणि फोन घरी उशाखाली होता. त्याच आठवड्यात मुलाने नवं कुलूप आणलं. ओढलं की दार आपोआप बंद होणारं, आणि आतून उघडायलाही चावी लागणारं. "याची डुप्लिकेट निघत नाही, बाबा," असं त्याने अभिमानाने सांगितलं. बाबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी एकटे असताना त्यांनी कुलपाकडे चार मिनिटं पाहिलं. त्यांना ते कळलं. उघडलं मात्र नाही.

कारण धंद्याचा एक नियम होता. मालक समोर असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, आणि उघडल्यावर आत आधी मालकाने जायचं. या नियमापायी त्यांनी एकदा एका ठाणेदारालाही परत पाठवलं होतं. घर मुलाचं, कुलूप मुलाचं. प्रश्न मिटला.

दिवसातली वीस मिनिटं तेवढी दार उघडे. घरातच राहणारी नात दोन गल्ल्यांपलीकडे चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दीड वाजता ती स्वतःच्या चावीने आत येई, आजोबांचं जेवण गरम करी आणि समोर बसे. वीसपैकी बारा मिनिटं ती फोनवर असे. उरलेल्या आठांसाठी आजोबा सकाळपासून एकेक गोष्ट निवडून ठेवत, आणि ऐन वेळी त्यांना तीच आठवत नसे.

एका शुक्रवारी तिने सांगितलं की सोमवारपासून तिची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाखेत झाली आहे, तेव्हा दुपारी येणं जमायचं नाही. "मायक्रोवेव्ह लावता येईल ना तुम्हाला?" तिने काळजीने विचारलं. बँकेची तिजोरी उघडलेल्या माणसाने "बघतो," असं नम्रपणे उत्तर दिलं.

मग ती निघाली, तर ती आल्यावर आपोआप बंद झालेल्या कुलपात चावी अर्ध्यातच अडली. तिने जोर लावला, फुंकर मारली, बापाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. दुकानात कळवलं. मग फोनवरच एक कुलूपवाला शोधला. तो म्हणाला, दोन तास लागतील. आजोबांनी या काळात एक चकार शब्द काढला नाही. विचारल्यावर म्हणाले, "माझी हत्यारं तुझ्या बापाने भंगारात घातली."

नाइलाज झाला म्हणून ती बसली. फोनची बॅटरीही संपली. मग तिने, करायला दुसरं काहीच नसल्यामुळे, आजोबांकडे पाहिलं. त्यांच्या चष्म्याची दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती.

"हे कधीपासून?"

"झालं वर्ष."

ती दिवसभर परक्या लोकांच्या दांड्या सरळ करत होती. पर्समधून बोटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढून तिने दांडी बसवली, काचा पुसल्या, चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. आजोबा तिच्याकडे न पाहता स्क्रूड्रायव्हरकडे पाहत होते, उपाशी माणूस ताटाकडे पाहतो तसे.

"याने उघडेल?" तिने विचारलं.

"उघडेल. पण मालक समोर हवा."

"चावी माझ्याकडे आहे. म्हणजे मीच मालक."

आजोबांनी या युक्तिवादावर थोडा विचार केला. मग दाराशी वाकले. मिनिटाभरात चावीच्या भोकातून केसांची एक पिन खाली पडली. मंगळवारपासून नात ती शोधत होती. तिने पिन उचलली, आजोबांकडे पाहिलं. आजोबा दाराच्या चौकटीला वाळवी लागली आहे का, ते फार बारकाईने तपासत होते. तिने पिन केसांत खोचली आणि कुलूपवाल्याला फोन करायला शेजारी गेली. येऊ नका, म्हणून.

सोमवारी आजोबांनी जेवण थंडच खाल्लं.

मंगळवारी दुकानाला सुट्टी असे, आणि सुट्टीच्या दिवशी नात सकाळीच मैत्रिणींकडे पळे. त्यामुळे ती गेलीच असेल असं धरून मुलाने नऊला सवयीने दार ओढलं. त्याची पावलं जिन्यावरून उतरून गेल्यावर ती आतल्या खोलीतून बाहेर आली. तयार होऊन. तिने स्क्रूड्रायव्हर आजोबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला.

"मालक आत अडकलाय," ती म्हणाली. "उघडता का? मला तुमचा तो बसडेपो बघायचाय."

आजोबा चष्मा सावरून उठले. चावी तिच्या पर्समध्ये होती. दोघांनाही ते माहीत होतं.